पहिल्या दिवशीचा खडू

वहिनी, रत्नागिरीच्या बंदरात बोट गाठायला मी पडावात पाय टाकला, तेव्हा तुम्ही माझी ट्रंक धरून उभ्या होतात. आईने एवढंच सांगितलं, "परक्या गावात तोंड मिटून राहायचं."

भाईंदरच्या शाळेत शिकवायला लागले, तिथे मी ते पाळलं. जिच्याकडे खोली घेतली त्या आगरी मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाय, किती दिस टिकशील?" मी गप्प. वर्गातही जेमतेम बोलायची. मुलं डोक्यावर बसली.

दिवाळीनंतर मिठागरांवर गुजरातेकडची कुटुंबं कामाला यायची. त्यांची मुलं वर्गात भिंतीला चिकटून, तोंड मिटून बसायची. ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. मग मी नियमच केला: नवीन मुलाने पहिल्या दिवशी शिकवायचं, आपल्या भाषेत, येत असेल ते. बाकी सगळे खाली बसणार, मीसुद्धा.

हेडमास्तरांना ते पटेना. "बाई, ही पाखरं पावसाआधी उडणार आणि निकाल आपला पडणार. तपासणीआधी नावं काढा."

"तपासणी होऊन जाऊ दे," मी म्हटलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांचं मत विरुद्ध पडलं असतं, तर ती मुलं परत मिठागरावर गेली असती. हे मला माहीत होतं.

साहेब आले तेव्हा टेबलाशी जीवी उभी होती. त्याच सकाळी दाखल झालेली, गुजरातीत आकडे शिकवत होती. साहेबांनी नाव विचारलं. तिने मागची रिकामी जागा दाखवली. "मोडा आवे ते पाछळ बेसे."

"काय म्हणते ही?"

कोळ्यांची हौसा उठली. "उशिरा आला त्यानं मागं बसायचं, साहेब. वर्गाचा नियम हाय. बाई पन बसतान."

हेडमास्तर भिंतीकडे बघू लागले. साहेब पँट सावरत गोणपाटावर बसले आणि पोरांबरोबर आकडे म्हणू लागले. निघताना त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, "किती दिवस राहते ही?"

"पावसापर्यंत, साहेब."

"मग पावसापर्यंत नाव ठेवा."

जिल्ह्याचा पुरस्कार पुढे पुष्कळ वर्षांनी मिळाला. तुम्ही विचारलंत ना, कशाबद्दल? याच मुलांबद्दल. आता मीरा रोडला इमारती उठतायत, कुठकुठली माणसं येतायत. वर्गात चार भाषा चालतात. माझ्या मराठीत हिंदी घुसलंय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

गेल्या मे महिन्यात घरी आले, तर तुम्ही पाट मांडून मायेने विचारलंत, "वन्सं, किती दिवस आहात?" मला वाईट वाटलं नाही. पाहुण्याला विचारतातच. इथे मावशीने तो प्रश्न कधी सोडून दिला, मला कळलंही नाही. बाहेर जाताना ती घराची किल्ली माझ्याकडे टाकून जाते.

या दिवाळीनंतर जीवीची मुलगी वर्गाच्या दारात उभी राहिली. परत कधी जाणार, हे मी तिला विचारलं नाही. तिच्या हातात खडू दिला आणि मागे जाऊन बसले.