थेंबांचा असर उतरेपर्यंत

उसाचा पाला लागून आप्पांच्या डोळ्यात कुसळ गेलं, तेव्हा आईनंच ते जिभेनं काढलं. आमच्या कुरुंदवाडकडं अजून काढतात, आणि हमखास गुण येतो म्हणून छातीवर हात ठेवून सांगतात. गुण कसला डोंबलाचा! डोळा चिघळला आणि बुबुळावर मधोमध पांढरं फूल पडलं. दुसरा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. डॉक्टर म्हणाले, पाल्यामुळंच झालं असेल, जिभेचं सांगता येत नाही. आईनं मात्र सगळं स्वतःच्या माथी घेतलं. त्यानंतर ती आप्पांना वाढायची, पण समोर म्हणून बसायची नाही. मला दोघांचाही राग यायचा.

कोल्हापुरात एक डॉक्टरीणबाई अभ्यास करत होत्या. फूल पडलेल्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काय फरक पडतो, ते त्यांना बघायचं होतं. आप्पा तयार झाले. थेंब झोंबले. थोड्या वेळानं त्यांनी डोळा उघडला आणि माझ्याकडं बघत राहिले. केस पिकलं की गं तुझं, म्हणाले. मला हुंदकाच आला. फुलाच्या कडेनं उजेड आत शिरत होता, एवढंच.

पण डोळ्याचा दाब तपासला तर वाढलेला. बाई म्हणाल्या, या डोळ्यात हे थेंब पुन्हा घालायचे नाहीत. आहे तो असर संध्याकाळपर्यंत. गोळी दिली, दाब उतरेपर्यंत बसवून ठेवलं. आप्पांचं एकच पालुपद, घराकडं चल, तुझ्या आईला बघायचंय. मी आईला फोन करून सांगितलं, आप्पांना दिसतंय, आम्ही निघतोय.

हंगाम चालू होता. वाटेत उसाची ट्रॉली उलटलेली, एसटी जागची हलेना. मी ट्रॉलीवाल्याला, कारखान्याला, उसाला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. आप्पा काळा चष्मा लावून खिडकीशी बसलेले. दिसतंय का, असं मी अधूनमधून विचारत होते. मग विचारायचं सोडलं.

पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून दारातल्या बल्बखाली उभी होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड न फिरवता. आप्पांनी चष्मा काढला, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं केला आणि लई वेळ बघितलं.

"रडू नगंस," ते म्हणाले. "दिसालईस की मला."

आई रडत नव्हती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि कोरडे डोळे पदरानं पुसले.

"व्हय," म्हणाली.