कड्याखालच्या केबिनी

नाशिकच्या आसपासच्या खाणींत काळा दगड फोडताना मध्येच एखादी पोकळी लागते आणि आत हिरव्या-पांढऱ्या गारगोट्या बसलेल्या असतात. बाहेरून ती दिसत नाही. हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव दगड खणखणतो, पोकळ किंवा सुटलेला दगड बद्द वाजतो. सहादूचा या कामात असा हातखंडा, की खाणमालक कुंदनशेठ त्याला ‘आपलं मशीन’ म्हणे. तीस वर्षं सुरुंगांच्या शेजारी काढल्यावर मशीनचं काय होतं, हे मात्र शेठने कधी विचारलं नाही.

सहादूनेही सांगितलं नाही. चार वर्षांपासून त्याला भरीव आणि पोकळ सारखंच ऐकू येत होतं. तो ठोकायचा, मान डोलवायचा आणि दगडावरची रेघ, ओल बघून अंदाजाने बोट ठेवायचा. बहुतेकदा जमून जायचं. घरी सुलाबाई करवादायची, की हा माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो. बायकोचं हे बोलणं तो गुमान ऐकून घ्यायचा. म्हणजे, न ऐकता.

त्यांची मुलगी पायल कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. तिच्या वर्गातली बारा मुलं गारगोट्या खणायला तीन दिवस याच खाणीवर येणार होती, आणि मुक्काम कुठे करायचा ते ठरवायला सरांनी तिलाच सांगितलं होतं. एक सोय इगतपुरीच्या लॉजवर, पण येण्याजाण्यात रोजचा अर्धा दिवस जाणार. दुसरी खाणीतच, कड्याच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या दोन केबिनींत. मुलांना अर्थातच केबिनी हव्या होत्या. माझे पप्पा कडा ठोकून बघतील, दगड सुटलेला नाही ना ते, मगच ठरवू, असं पायल वर्गात छाती फुगवून सांगून आली होती.

रविवारी ती खाणीवर आली. पावसाळा नुकताच सरला होता, कडा अजून झिरपत होता. कुंदनशेठ म्हणाला, सहादू बोलेल ते शेवटचं.

सहादू केबिनींच्या मागे कड्यापाशी गेला. डावीकडे ठोकलं, उजवीकडे ठोकलं. हाताला झटका बसला, कानाला काही नाही. डावीकडे एक लांब रेघ होती, उजवीकडचा दगड गुळगुळीत दिसत होता. त्याने नेहमीसारखी मान डोलवली आणि सांगून टाकलं, की डावीकडची नको, उजवीकडं खुशाल झोपा.

पायलला आवाज शिकून घ्यायचा होता. तिने त्याच्या हातातली हातोडी घेतली. डावीकडे ठोकलं, मग उजवीकडे. उजवीकडे तिने पुन्हा ठोकलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“पप्पा, उलटं नाही ना झालं? उजवीकडे बद्द येतंय.”

शेठ हसला. कालची पोरगी बापाला शिकवते, सहादू कधी चुकलाय का, असं काहीसं तो म्हणाला. पायल ओशाळली. माझंच ऐकण्यात चुकलं असेल, म्हणत तिने हातोडी परत केली.

सहादू मूग गिळून बसला असता, तर इज्जत आणि काम दोन्ही शाबूत राहिलं असतं. गारगोटी चुकली तर एक दगड वाया जातो. इथे दगडाखाली बारा पोरं झोपणार होती, त्यात त्याचं स्वतःचं लेकरू. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“शेठ, पोरगी बरोबर हाय,” तो म्हणाला. “मला चार वरसांपासून नीट ऐकू येत नाय. मी अंदाजानं बोललो.”

कुंदनशेठ ‘सोमवारी बघू’ एवढंच म्हणून गाडीकडे चालू लागला. त्या दोन शब्दांचा अर्थ सहादूला ओठांवरूनच कळला.

पायल त्याच्याकडे बघतच राहिली. “मग घरी माझं बोलणं कसं कळतं तुम्हाला?”

“तुझ्या तोंडाकडं बघतो.”

पायलने झटकन पाठ फिरवली आणि काहीतरी बोलली. सहादू तसाच उभा राहिला. क्षणभराने तिच्या ध्यानात आलं. ती वळली, गाल ओले होते तसेच राहू दिले, आणि तोंड नीट त्याच्यासमोर धरून पुन्हा सावकाश म्हणाली, “इगतपुरीच्या खोल्या घेते, पप्पा.”