सिंधूअक्का आणि सात काळ्या गोळ्या

सिंधूअक्का आमच्या घरी पुढच्या दाराने कधी आल्याच नाहीत. गोठ्याला वळसा घालून मागच्या दाराशी यायच्या, माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घ्यायच्या आणि मग माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे बोट करायच्या. "गोळी लिधी का वं? जीभ काढ." तीन लेकरांची आई असलेली माझी जाऊ शाळकरी पोरीसारखी जीभ बाहेर काढायची. मागचंच दार का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पुढला दारमा पुरुष बसतंस. मन्हं काम बठ्ठं चुलापाशी शे."

अक्का म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. शिंदखेड्याजवळची तीन गावं त्यांच्याकडे होती आणि तिन्ही त्या पायी करत. दात स्वच्छ ठेवा म्हणून बायांना बजावायच्या, तेही स्वतःच्या गालात मिसरी धरून. साहेब तपासणीला आले की अहिराणी गुंडाळून ठेवायच्या आणि "कुटुंबनियोजनाच्या साधनांचा नियमित वापर करण्यात येत आहे" असं काहीतरी बोलायच्या. साहेब गेले की म्हणायच्या, "हुश्श! जिभले फेफरं उनं." बारा महिने त्यांच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री असायची. कधी ऊन म्हणून, कधी पाऊस म्हणून. आणि अधूनमधून चार दिवस नुसतीच काठीसारखी टेकत यायच्या. "अक्का, म्हातारं कोण झालं, तुम्ही की छत्री?" असं आम्ही छेडायचो. "छत्री थकनी, मी नही थकनू," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी जळगावची. अठ्ठ्याऐंशी साली लग्न होऊन या गावात आले आणि गावच्याच शाळेत मला तात्पुरती नोकरी लागली. पोरं गोड होती, नोकरी आवडत होती, पण माझं पोट वैरी होतं. दर महिन्याला तीन-चार दिवस असं दुखायचं की फळ्यावरचं अक्षर दिसेनासं व्हायचं. दोनदा वर्गातच चक्कर येऊन पडले. हेडमास्तर भले गृहस्थ, पण एक दिवस त्यांनी चष्मा काढून सांगितलं, "बाई, दर महिन्याला अशी रजा पडली तर तुम्हाला कायम करा म्हणून मी कोणत्या तोंडाने लिहू? दिवाळीपर्यंत बघतो." घरी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या जिजींनी, सरळ निकालच देऊन टाकला. "सोडी दे नोकरी. बाईना जलम शे, दुखसच." त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्याशी रडले. आणि मागच्या दाराने येणाऱ्या माणसाला गोठ्यातलं सगळंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला एसटीत घातलं आणि धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणी झाली, बीपी पाहिलं, प्रश्न विचारून झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुटुंबनियोजनाच्याच गोळ्या घ्यायच्या, पण मध्ये खंड पाडायचा नाही. पाकिटात एकवीस पांढऱ्या आणि सात काळ्या गोळ्या असतात. औषध पांढऱ्यांत. काळ्या म्हणजे नुसतं लोह. त्या सात दिवसांत पाळी येते. पांढऱ्या संपल्या की काळ्या सोडून लगेच पुढचं पाकीट उघडायचं, म्हणजे पाळीच येणार नाही आणि दुखणंही नाही. काही महिने असं करून परत दाखवायला यायचं. मी अक्कांकडे पाहिलं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ऐकी ले नीट, मास्तरीनबाई. असं सांगनारं कोनी भेटत नही."

घरी आल्यावर जिजींनी कपाळावर हात मारून घेतला. "माय माय माय! म्हयनानं रगत पोटमा साची आन् डोकामा चढी! पोर येडी व्हई ना!"

अक्का उंबऱ्यावर बसून शांतपणे म्हणाल्या, "जिजी, विहीरमा पानीच उनं नही, ते उपसशी काय?"

"पन देवले चाली का असं?"

"कानबाईना येळले तू मोठी सूनले मन्हाकडथीन ह्याच गोळ्या देवाडस. रोट रांधाले सून बाजूले बसाले नको म्हनीसन. तव्हय रगत कोठे चढस? घरना धाबावर?"

श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, असले की गावातल्या निम्म्या सासवा सुनांची पाळी लांबवायला मागच्या दाराने अक्कांना गाठत, हे मलाही ठाऊक होतं. पण हार मानेल ती आमची जिजी कसली! त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि त्यांना नवीनच दुःख झालं. "मंग ह्या सात? सरकारनी दियेल वस्तू फेकतंस का कोनी?"

आमच्या घरात ताटात शीतही टाकायची पद्धत नव्हती. या सात गोळ्यांपायी जिजी मला दर महिन्याला पाळी आणवणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं. अक्कांनी क्षणभर विचार केला. जिजी मिरच्या वाळवायला धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढल्या की चौथ्या पायरीवर धापा टाकायच्या, तळहात पांढरे पडलेले; अक्का ते कधीपासून पाहत होत्या, पण जिजी औषधाला शिवायच्या नाहीत. अक्का म्हणाल्या, "मंग तू खाई टाक. लोखंड शे नुसतं. वाया जावाले नको."

झालं! पांढऱ्या सुनेला, काळ्या सासूला, अशी पाकिटाची वाटणी झाली. अक्कांनी हळूच त्यात उपकेंद्रातल्या लोहाच्या लाल गोळ्यांची भर घातली. आठवड्याभराने जिजी पहाटे परसाकडून आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन. "मी मरनू वं! पोटमा बठ्ठं काळं व्हई गयं!" अक्कांना बोलावणं धाडलं. त्या आल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "लोखंड काय गुलाबी निंघी का?"

दुसऱ्या महिन्यात मला मधूनच डाग दिसायला लागले. मी हबकले, जिजींना देवीचा कोप दिसायला लागला. अक्कांनी दोघींना समोर बसवलं. "नवी सून घरमा उनी का दोन महिना भांडा वाजतंस. मंग बठ्ठं गप व्हस." तसंच झालं. दिवाळीपर्यंत माझी एकही रजा पडली नाही. हेडमास्तरांनी कागद वर पाठवला आणि मी कायम झाले. पेढे घेऊन घरी आले, तर जिजी एका दमात धाब्यावर चढून मिरच्या उलथत होत्या. वरूनच ओरडल्या, "तुन्ह्या गोळ्या माले मानवन्यात!"

अशी आठ-नऊ वर्षं गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा गोळ्या थांबवल्या, मुलगी झाली, परत सुरू केल्या. अक्का निवृत्त झाल्या आणि अमळनेरला भावाकडे निघाल्या. निरोप घ्यायला आल्या, अर्थात मागच्या दाराने. चहा झाला. जिजींना एकदम आठवण झाली. "सिंधू, तू इतल्या बायास्ले गोळ्या दिध्यात. तू सोता का बरं नही खादी?"

"मन्हं बीपी शे, जिजी. नोकरीले लागनू तव्हयपासून. बीपीवालीले ह्या गोळ्या चालतंस नही."

"मंग तुन्हं दुखे का?"

"दुखे ना. ह्या मास्तरीनसारखंच दुखे."

"आन् तीन गावं पायी? कसं करे तू?"

अक्का हसल्या. "छत्री व्हती ना."

आम्हा दोघी जावांना एकदमच कळलं, आणि मान वर करायची लाज वाटली. त्या चार दिवसांत काठी होणाऱ्या छत्रीची आम्ही थट्टा करत होतो. थोड्या वेळाने अक्का उठल्या, सवयीने गोठ्याकडे वळल्या. जिजींनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. ओसरीवर माझे सासरे आणि भाऊबंद पान खात बसले होते. जिजींनी त्यांच्याकडे पाहून नुसता हात केला. सगळे पाय आवरून बाजूला सरले, सासरे तर उठून उभेच राहिले.

"आज पुढला दारथीन जाय," जिजी म्हणाल्या, आणि छत्री स्वतः हातात घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेल्या.