दाराचा रकाना

आमच्या संघटनेची पत्रकं मी लिहिते. 'धिक्कार', 'जाहीर निषेध', 'घोर फसवणूक' हे शब्द माझ्या बोटांतून आपोआप उतरतात. म्हणूनच लातूरची माझी इंजिनिअर मैत्रीण जेव्हा म्हणाली, की आपल्या डेटा वेअरहाऊसमधल्या, म्हणजे माहितीच्या भांडारातल्या, प्रत्येक तक्त्याखाली दोन ओळींचं वर्णन हवं, तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं. पुढं जे झालं त्याला जबाबदार काम देणारे.

मुखेड, भोकर, रेणापूरकडच्या शाळांत कॉलेजच्या मुली पाठवून आम्ही माहिती जमवली होती. मुलींच्या संडासाला पाणी येतं का, छत आहे का, दार आहे का. शेजारी शिक्षण खात्याचा तक्ताही ठेवला होता. त्यात सगळीकडं एकच शब्द: आहे. मैत्रिणीनं या सगळ्यावर एक साधन बसवलं. एआय एजंटला प्रश्न विचारायचा. तो त्या साधनातून आधी फोल्डरांची नावं चाळतो, मग तक्त्याखालचं वर्णन वाचतो आणि कामाचं वाटलं तरच तक्ता उघडतो.

"एजंट?" नांदेडचं कार्यालय सांभाळणाऱ्या ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तहसीलबाहेर बसत्यात तसला?"

"न्हाई ताई. हा फक्त वाचतो."

"मग आपल्या कार्यकर्त्यांपेक्षा बरा हाय."

घाई होती. दारं बसवायला खात्याकडं निधी शिल्लक होता आणि मार्च संपला की तो परत जाणार होता. खात्याच्या साहेबांनी सोमवारी बोलावलं होतं. "शाळांची यादी आणा, सही करतो. भाषण आणू नका," हे ते खास माझ्याकडं बघून म्हणाले होते. यादी नाही, तर पोरींना पुन्हा वर्षभर ओढणीचा आडोसा.

शनिवारी एजंटला विचारलं, संडास आहे पण दार नाही अशा शाळा कोणत्या? त्याचं उत्तर आलं:

"या भांडारात 'सत्य', 'सत्य_नवीन' आणि 'खरं_सत्य' असे तीन तक्ते आहेत. यांपैकी कोणतं सत्य वापरू? खात्याच्या तक्त्याखाली 'ही खोटारडी माहिती कुणीही वापरू नये' अशी सूचना असल्यामुळे तो उघडलेला नाही."

ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. लातूरहून फोनवर मैत्रीण मात्र तापली.

"अगं, 'लेकींच्या अब्रूचा सवाल' हे काय वर्णन झालं? तक्त्यात काय हाय ते लिही की!"

"तक्त्यात संताप हाय."

"तक्त्यात हो आणि नाही हाय. तेवढंच लिही."

रविवार दात उपटून घेतल्यासारखा गेला. मी नावं दिलेल्या तीन सत्यांतलं एकच ठेवलं. 'दार: आहे का. हो किंवा नाही. तपासणाऱ्या मुलीनं स्वतः पाहून लिहिलं.' उद्गारचिन्ह एकही नाही! खात्याच्या तक्त्यासाठी मी बरंच काही सुचवलं. मैत्रिणीनं सगळं खोडून एवढंच ठेवलं: 'संडास आहे की नाही एवढंच यात आहे. दाराचा रकाना नाही.' एजंटनं मग दोन्ही तक्ते गपगुमान उघडले, शेजारी ठेवले आणि यादी दिली.

सोमवारी साहेबांनी यादी बोटानं सरकवली. "तुमचं यंत्र. तुम्ही पढवाल तसं बोलणार."

"तुम्हीच विचारा," म्हणत मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला.

साहेबांनी टाइप केलं: खात्याच्या नोंदीनुसार किती शाळांत दारं नाहीत?

'खात्याच्या तक्त्यात दाराचा रकाना नाही.'

नोंदीनुसार सगळीकडं दारं आहेत ना?

'खात्याच्या तक्त्यात दाराचा रकाना नाही. त्यामुळे दारं आहेत की नाहीत, हे त्यावरून सांगता येत नाही.'

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली आणि इंग्रजीत विचारलं. एजंटनं तेच इंग्रजीत सांगितलं, अदबीनं. मी तोंड उघडणार तोच टेबलाखाली ताईंनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि सही होईपर्यंत काढला नाही. माझं सगळ्यात जबर पत्रक त्या खोलीत वाचलं जात होतं आणि त्यात एकही विशेषण नव्हतं. याचा मला अजून राग आहे.

शाळा उघडल्यावर मुखेडजवळच्या एका शाळेत गेले. दार निळं, कोरं, रंगाचा वास अजून येणारं. आत जाऊन लोटलं, तर परत उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं.

"थांबा ताई," बाहेरून एक मुलगी म्हणाली आणि खटकन कडी लागली.

"अगं, कडी बाहेरून?"

"आतून बसवलीच न्हाई. आमी एकमेकींला कोंडून घेतो. झालं की हाक मारायची."

तेवढ्यात घंटा झाली. पावलं धावत वर्गाकडं गेली. मी हाक मारली. मग घोषणेच्या आवाजात मारली. उत्तरादाखल वर्गातून पाढे ऐकू आले. मी फोन काढून लातूरला लावला.

"एक रकाना वाढव."

"आत्ता? कुठून बोलायलीस?"

"आतून. लिहून घे. कडी: आतून आहे का. हो किंवा नाही. या शाळेपुढं 'नाही' टाक. स्वतः पाहून लिहिलं."

ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आणि तुला कोण काढणार?"

"हेडमास्तरांना फोन लाव. पण आधी रकाना. आणि ऐक, 'नाही'च्या पुढं उद्गारचिन्ह टाक. एकच."