मागच्या चाकाखालची ओल

आमच्या गावचा लाफाई गाड्या दुरुस्त करायचा आणि तोंड क्वचितच उघडायचा. एका रविवारी आम्हा गाणाऱ्यांची बस आमच्या उपोलू बेटाच्या डोंगरापलीकडच्या चर्चला निघाली होती. पांढऱ्या कपड्यांत सगळ्याजणी बसलो, तेवढ्यात त्याला मागच्या चाकाखाली ओल दिसली.

"शहाळं फुटलं असेल, काका," ड्रायव्हर सीमी म्हणाला. मागे पोतंभर शहाळी होतीच.

लाफाई इस्त्रीच्या सदऱ्यानिशी गाडीखाली सरपटला.

"अहो, कालच धुतलाय तो!" त्याची बायको खिडकीतून ओरडली.

त्याने थेंब बोटांवर चोळला. "शहाळ्याचं पाणी चिकट लागतं. हे बुळबुळीत आहे. ब्रेकचं तेल गळतंय."

"तिकडे लोक खोळंबलेत, काका!"

"खोळंबू देत. ब्रेक दाबून बघ."

सीमीने दाबला, तर तो लोण्यात पाय घातल्यासारखा खाली गेला. सीमीचं तोंड उतरलं.

"डोंगराच्या उतारावर ब्रेक असा गेला असता, तर थेट देवापुढेच गायला लागलं असतं," लाफाई म्हणाला.

आम्ही उतरलो आणि रस्त्याच्या कडेलाच गायलो. पलीकडची मंडळी महिनाभर आम्हाला आळशी म्हणत होती. म्हणू देत. ऐकायला आम्ही सगळ्याजणी होतो ना!