पानाला लागलेला चुना

ओल्या चुन्याचा वास आला की आजही माझे डोके तापते. पोंभुर्ण्याजवळच्या शाळेत मी शिकवीत असताना वर्गातल्या कपाटात माझा खडकांचा संग्रह होता. प्रत्येक नमुन्याखाली त्याचे नाव आणि तो सापडल्याचे ठिकाण सांगणारी चिठ्ठी असे. त्यांत मला सर्वांत प्रिय होता घुग्घुसच्या खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यात मिळालेला एक करडा, थरांचा खडक. तिथला कोळसा ज्या काळात तयार झाला, त्या काळातल्या पानाचा ठसा त्यावर शिरांसकट उमटलेला होता. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी शाळेत आलो, तर कपाट रिकामे आणि झेंड्याच्या खांबाभोवती माझे दगड ओळीने रोवलेले. एक गेरूने लाल, एक चुन्याने पांढरा. "हे कोणी केलं?" मी ओरडलो. मुख्याध्यापक म्हणाले, "मीच सांगतलं, गुरुजी. दगडंच तं होते! काऊन एवढे तापून राह्यले? उद्या पाव्हने येऊन राह्यले; पाहा, किती साजरे दिसते." "सर, त्या पांढऱ्या केलेल्या दगडावर पान होतं!" "मंग? पानाले चुना तं लागतेच!" भोवती जमलेले शिक्षक खो-खो हसले. मी तो खडक उपटून हौदावर नेला. थरांच्या खडकात चुना शिरला की तो पापुद्र्यासकटच निघतो. पाणी लागताच पापुद्रा सुटला आणि पान वाहून गेले. तो कोरा खडक आज माझ्या टेबलावर आहे. चिठ्ठी मी बदललेली नाही. 'पानाचा ठसा, घुग्घुस' याखाली फक्त एक ओळ वाढवली आहे: 'नष्ट. कारण: पाहुणे.'