टीव्हीवरची गेलिक आणि घरातली मराठी

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न आहे.

इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत आमच्या शेजारी मोराग नावाची साठीची स्कॉटिश बाई राहते. आज तिच्याकडे कॉफीला गेले, तेव्हा कळलं की ती वीस वर्षं गेलिक टीव्हीवर होती! आधी मालिकांमध्ये अभिनय, मग मुलांच्या कार्यक्रमाची निवेदिका. गेलिक ही तिकडची जुनी भाषा, बोलणारे आता थोडेच उरलेत.

मी म्हटलं, "मग तुमची मुलगी किती छान बोलत असेल!"

"तिला येतच नाही," मोराग म्हणाली. "मी शूटिंगहून दमून यायचे. ती इंग्रजीत बोलायची, मीही इंग्रजीतच उत्तर द्यायचे. लोकांची मुलं माझ्याकडून शिकली, माझीच शिकायची राहिली."

मी हादरलेच. आमची नऊ वर्षांची सईसुद्धा माझ्या मराठीला जर्मनमध्येच उत्तर देते. "येतं तिला, फक्त बोलत नाही," असं मी सगळ्यांना सांगते.

घरी आल्यावर सईने जर्मनमध्ये विचारलं, जेवायला काय आहे. मी म्हटलं, "मराठीत विचार ना."

ती कितीतरी वेळ शब्द शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "आई... जेवण... कोण?"

खरं सांगा, तुमच्या मुलांना तुम्ही शेवटचं कधी मराठीत बोलायला लावून पाहिलंत?